इंजिन ऑइल गळतंय, गॅरेजवाला रिअर सील म्हणतोय: गिअरबॉक्स उतरवू का?

गिअरपाचवा

नमस्कार मंडळी. गाडी पेट्रोल, चार सिलिंडर, मॅन्युअल गिअर, बरीच चाललेली. उभी केली की खाली काळपट तेलाचे डाग पडतात, तेही बरोबर इंजिन आणि गिअरबॉक्सच्या जोडाखाली. पुढच्या सर्व्हिसची वेळ येण्याआधीच डिपस्टिकवरची पातळी खालच्या खुणेला टेकते. सायलेन्सरमधून धूर नाही, पिकअप ठीक आहे.

गॅरेजमध्ये गाडी रॅम्पवर घेतली, खालून टॉर्च मारला आणि लगेच निदान झालं: क्रँकचं (इंजिनच्या मुख्य फिरत्या दांड्याचं) रिअर ऑइल सील गेलंय, गिअरबॉक्स उतरवावा लागेल, त्यातच क्लचही करून टाकू. काम मोठं आहे म्हणून इथे विचारतोय. नुसतं खालून बघून एवढं खात्रीने सांगता येतं का? आणि गळती वरची निघाली तर घरी होण्यासारखं काम आहे का? माझ्याकडे गोटी-पान्यांचा सेट आहे, टॉर्क रेंच मिळू शकेल.

पानाधारी

नाही सांगता येत. तेल जिथे दिसतं तिथूनच निघालंय असं फार कमी वेळा असतं. ते वरून ओघळतं, गाडी धावताना वाऱ्याने पसरतं, कडेकडेने वाट काढतं आणि सगळ्यात खालच्या टोकाला येऊन टपकतं. टॅपेट कव्हरचं (इंजिनच्या माथ्यावरच्या झाकणाचं) पॅकिंग फ्लायव्हीलच्या बाजूला कडक झालं असेल, तर तेल हेडच्या आणि ब्लॉकच्या पाठीवरून उतरून बेल हाउसिंगच्या (इंजिन-गिअरबॉक्सच्या जोडावरच्या, क्लच झाकणाऱ्या कवचाच्या) तळातून पडतं. खालून बघणाऱ्याला ते हुबेहूब रिअर सील वाटतं. (इंजिन आडवं बसवलेलं असेल तर 'मागे' म्हणजे फ्लायव्हीलची बाजू समजा.)

आधी धुवून घ्या. इंजिन गार असताना डीग्रीझर मारा, ब्रशने घासा, आणि अल्टरनेटर, इग्निशन कॉइल, कनेक्टर यांना प्लॅस्टिक गुंडाळून बेताच्या पाण्याने धुवा. प्रेशरचा फवारा थेट सीलवर किंवा कनेक्टरवर नको. पूर्ण कोरडं झालं की टॅपेट कव्हरचा जोड, हेड आणि ब्लॉकचा जोड, ऑइल फिल्टरची बैठक, ऑइल प्रेशर स्विच, टायमिंग कव्हर, चेंबरची (तळाच्या तेलटाकीची) कड अशा सगळ्या संशयित जागांवर टाल्कम पावडरचा पातळ थर फुंकून बसवा. इंजिन पंधरा-वीस मिनिटं उभ्यानेच चालवा आणि टॉर्चने बघा. पांढऱ्यावर तेल लगेच उठून दिसतं. उभ्याने काही दिसलं नाही तर एक फेरी मारून या, कारण काही सील फक्त वाढलेल्या आरपीएमला गळतात. ओली झालेली सगळ्यात वरची जागा शोधायची. तिच्या खाली जे काही ओलं असेल त्याचा विचार नंतर.

पावडरने भागलं नाही तर तेलात टाकायचा फ्लुरोसंट डाय मिळतो. थोडी गाडी चालवून अतिनील टॉर्चखाली बघितलं की गळतीची वाट पिवळट-हिरवी चमकते.

आणि एकही पॅकिंग विकत आणण्याआधी ब्रीदर तपासा. माझ्या मते सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते इथेच. पिस्टन रिंगांच्या कडेने थोडा गॅस क्रँककेसमध्ये नेहमीच उतरत असतो. पीसीव्ही व्हॉल्व्ह आणि ब्रीदर पाइप तो गॅस परत इनटेककडे ओढून घेतात. व्हॉल्व्ह काजळीने चोंदला की गॅसला जायला जागा उरत नाही, आत दाब वाढतो आणि सगळ्यात कमजोर सीलमधून तेल बाहेर ढकललं जातं. अशा वेळी ते सील बदललं तर पुढच्या कमजोर सीलची पाळी येते. लोक मग पार्टला नावं ठेवतात.

सर्व्हिसबुक

ब्रीदरची घरगुती तपासणी: इंजिन आयडलला ठेवून ऑइल भरायचं झाकण काढा आणि तोंडावर पातळ कागद ठेवा. कागद हलकेच आत ओढला गेला तर ठीक. वर उडाला किंवा भसभस वाफ आली तर आत दाब आहे. फार जोराने ओढला जात असेल आणि शिट्टीसारखा आवाज येत असेल तर ब्रीदरचा डायफ्रॅम फाटलाय. तेही वाईटच.

झाकण काढल्यावर आयडल थोडं डगमगलं तर घाबरू नका, काही इंजिनांत ते होतंच.

क्लचप्लेट

पानाधारींचं बरोबर आहे, पण रिअर सील कधी जातच नाही असा अर्थ कुणी काढू नये. ते जातं, आणि दुर्लक्ष केलं तर तेल क्लच प्लेटवर पोचतं. मग गाडी उचलताना थरथरते, चढावर आरपीएम वाढतो पण वेग वाढत नाही.

अजून एक घोळ होतो. त्याच ठिकाणाहून गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं सीलही गळतं. दोन्ही तेलं बेल हाउसिंगमधूनच पडतात. थेंब बोटावर घेऊन वास घ्या. गिअर ऑइलमध्ये गंधकाची संयुगं असतात, त्याचा उग्र वास एकदा घेतला की विसरत नाही. इंजिन ऑइल वापरून काळं पडलेलं असतं आणि वास जळकट येतो. गिअर ऑइलच असेल तर इंजिनाला दोष देण्यात अर्थ नाही.

पानाधारी

@क्लचप्लेट, मान्य. वरचं सगळं कोरडं असूनही बेल हाउसिंगमधून इंजिन ऑइलच येत असेल, तर गिअरबॉक्स उतरवण्याला पर्याय नाही. आणि उतरवलाच तर क्लच, रिलीज बेअरिंग आणि इनपुट शाफ्टचं सील त्याच फेरीत बघून घ्यावं. त्या गॅरेजवाल्याचा क्लचचा सल्ला चुकीचा नाही. तपासणी न करता तिथे उडी मारणं चुकीचं आहे.

गिअरपाचवा

धुतलं, पावडर मारली, आणि कागद ठेवून ब्रीदरही बघितला. कागद वर उडतोय. पीसीव्ही व्हॉल्व्ह काढून कानाशी हलवला तर आत काहीच वाजत नाही, चिकट काळ्या गाळाने गच्च झालाय. पावडर ओली झाली ती टॅपेट कव्हरच्या मागच्या कोपऱ्यात, जिथे कव्हर अर्धगोल वळण घेतं तिथे. तिथून खाली सरळ ओघळ, थेट बेल हाउसिंगपर्यंत. ओघळाच्या दोन्ही बाजू कोरड्या ठणठणीत. शिवाय एका स्पार्क प्लगच्या विहिरीत (तो बसतो त्या खोल भोकात) तेल साचलंय.

फिल्टर, स्विच, चेंबरची कड हे सगळं सध्या कोरडं आहे. आता पुढे काय?

पानाधारी

छान. गिअरबॉक्स राहू द्या जागेवर.

तुमचा पीसीव्ही आत चेंडू किंवा गोळी असलेल्या प्रकारचा असेल तर चांगला व्हॉल्व्ह हलवल्यावर खडखड वाजतो. तुमचा गेला. नवीन टाका, आणि त्याचा रबरी पाइप व ग्रॉमेटही बघा. पाइप आतून मऊ पडून चिकटला असेल तर नवा व्हॉल्व्ह लावूनही उपयोग नाही. प्लगच्या विहिरीत तेल म्हणजे प्लग ट्यूबची सील गेलीत. बहुतेक पॅकिंग सेटमध्ये ती बरोबर येतात, नसतील तर वेगळी मागून घ्या. ते तेल कॉइलच्या रबरी बुटात शिरलं की बूट फुगतो आणि मिसफायर सुरू होतो. प्लग काढण्याआधी विहिरीतलं तेल कापडाने टिपून घ्या, नाहीतर ते थेट सिलिंडरमध्ये जाईल.

आता टॅपेट कव्हर. इंजिन पूर्ण गार, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढलेली. कॉइल काढताना त्यांचा क्रम लक्षात ठेवा. बोल्ट बाहेरून आत, सगळे थोडे थोडे सैल करत या. कव्हर चिकटलेलं असेल तर रबरी हातोडीने कडेला टिचक्या मारा. जोडात स्क्रू-ड्रायव्हर घालून उचकटू नका. ॲल्युमिनियमवर पडलेली एक खोच नव्या पॅकिंगलाही गळवते.

जुनं पॅकिंग हातात घेऊन वाकवून बघा. वाळक्या काटकीसारखं कट्‌कन तुटलं तर गळतीचं कारण समोरच आहे. रबर वर्षानुवर्षं उष्णता खाऊन कडक होतं, दाबलं गेल्यावर परत फुगत नाही, आणि कव्हर व हेड यांच्यातली फट भरणं त्याला जमत नाही.

साफसफाईला सगळ्यात जास्त वेळ द्या. प्लॅस्टिकची पट्टी, कापड, ब्रेक क्लीनर एवढंच वापरा. ड्रिलला लावायची घासणारी चकती इथे वर्ज्य. तिची बारीक धूळ तेलात मिसळून बेअरिंगपर्यंत जाते आणि बेअरिंग खाते. कॅमशाफ्टच्या बाजूला कापड अंथरून ठेवा म्हणजे कचरा आत पडणार नाही. कव्हरची खाच आणि हेडची पट्टी दोन्ही बोट फिरवल्यावर कोरड्या लागल्या पाहिजेत. जोडावर तेलाचा पातळ थर राहिला तरी सिलिकॉन धरत नाही आणि रबर घसरतं.

नवीन पॅकिंग कव्हरच्या खाचेत कोरडंच बसवा. कोपऱ्यांपासून सुरुवात करा, मग सरळ भाग दाबा. ओढून लांब करू नका. सिलिकॉन लागतं ते ठरावीक जागी: कॅमच्या कॅपचा जोड हेडला मिळतो तिथे, टायमिंग कव्हर आणि हेडच्या जोडावर, आणि अर्धगोलाच्या दोन्ही टोकांवर. वाटाण्याएवढा ठिपका, बस्स. तुमची गळती अर्धगोलाच्या कोपऱ्यातलीच आहे, म्हणजे आधी कुणीतरी पॅकिंग बदललं असेल तर हा ठिपका द्यायचा राहिला असण्याची शक्यता आहे. उघडल्यावर जुन्या सिलिकॉनचा माग दिसतो का बघा.

लालरेंच

मी गाडीची नाही, जुन्या मोटारसायकलींची कामं करतो. आमच्याकडे बरेच जण कागदी पॅकिंगच्या दोन्ही बाजूंना सिलिकॉन थापतात, काही जण तर पॅकिंगच टाकून देतात. मग कव्हरलाही सगळीकडे सिलिकॉन लावलं तर काय बिघडतं? गळती तर थांबते.

पानाधारी

बाहेरची थांबते. जोड दाबला गेला की सिलिकॉन जेवढं बाहेर येतं तेवढंच आतही येतं. बाहेरचं दिसतं म्हणून पुसून टाकतो. आतली शेपटी तशीच लोंबत राहते, पुढे तुटून चेंबरमध्ये पडते आणि ऑइल पंपाच्या जाळीवर जाऊन बसते. जाळी अर्धी झाकली गेली की ऑइल प्रेशर पडतं. कव्हर गळत होतं तेव्हा फार तर तेल कमी होत होतं. जाळी चोंदली तर इंजिनच जातं.

साच्यातल्या रबरी पॅकिंगवर सिलिकॉन थापलं तर रबर खाचेतून घसरतं. कागदी पॅकिंगला पृष्ठभाग सपाट आणि स्वच्छ असेल तर काहीच लागत नाही, कंपनीने सांगितलं असेल तरच पातळ हात. काही इंजिनांच्या चेंबरला मुळातच पॅकिंग नसतं, कारखान्यातूनच सिलिकॉन लावलेलं असतं. तिथे मात्र तेच लावायचं: २ ते ३ मिलिमीटरची सलग तार, बोल्टच्या भोकांच्या आतल्या बाजूने, कुठेही न तोडता. नळीवर दिलेल्या वेळेत चेंबर बसवून टाका, आणि तेल भरण्याआधी ते पूर्ण सुकू द्या. बहुतेक सिलिकॉनला त्यासाठी सुमारे २४ तास लागतात. ऑक्सिजन सेन्सरला चालणारं घ्या, तसं नळीवर लिहिलेलं असतं.

सर्व्हिसबुक

आवळण्याबद्दल मी भर घालतो. टॅपेट कव्हरचे बोल्ट फार कमी टॉर्कचे असतात. बऱ्याच गाड्यांत ८ ते १२ न्यूटन-मीटर, पण तुमच्या मॅन्युअलमधला आकडाच अंतिम. मधून सुरुवात करून बाहेर जायचं, दोन-तीन फेऱ्यांत. 'गळतंय म्हणून अजून आवळा' हे इथे उलटं काम करतं. पत्र्याचं कव्हर असेल तर बोल्टपाशी खड्डा पडतो आणि दोन बोल्टांच्या मधे फुगवटा येतो, तिथून जास्तच गळतं. ॲल्युमिनियमच्या हेडमधले आटे जायला वेळ लागत नाही.

बोल्टखालचे रबरी वॉशर बघायला विसरू नका. पुष्कळ कव्हरांना खांदा असलेले बोल्ट असतात. खांदा टेकला की बोल्ट पुढे जात नाही आणि कव्हरवर दाब देतं ते वॉशरचं रबर. ते चपटं झालं असेल तर नवीन पॅकिंग घालूनही कव्हर नीट दाबलं जात नाही. पॅकिंग नवं, वॉशर जुने, म्हणून परत गळलेल्या गाड्या मी बघितल्यात.

टायमिंगमार्क

याच धाग्यात विचारतो. माझी गळती क्रँक पुलीच्या मागून आहे, म्हणजे फ्रंट सील. टायमिंग बेल्टच्या कव्हरचा तळ तेलकट झालाय. बेल्टची मुदत अजून संपलेली नाही. तोवर थांबलं तर चालेल?

पानाधारी

थांबू नका. तेल लागलेला बेल्ट फुगतो, मऊ पडतो, त्याचे दात सुटतात. ज्या इंजिनात व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांच्या वाटेत येऊ शकतात, तिथे बेल्ट सुटला की व्हॉल्व्ह वाकतात. सील बदला आणि तेल लागलेला बेल्टही बदला, पुसून परत लावू नका. तिथवर उघडलंच आहे तर कॅमशाफ्टची सील, टेन्शनर आणि पाण्याचा पंप बेल्टवर चालत असेल तर तोही बघा.

जुनं सील काढताना क्रँकवर ओरखडा पडू देऊ नका, सगळा खेळ त्यावर आहे. सीलच्या चेहऱ्यावर बारीक भोक पाडून पत्र्याचा स्क्रू थोडासा फिरवतात आणि पक्कडीने स्क्रू ओढून सील बाहेर काढतात. भोक सीलच्या धातूच्या कड्यात पाडायचं, क्रँकपासून लांब. ड्रिलच्या टोकाला थोडं ग्रीस लावलं तर किस त्याला चिकटतो, आत जात नाही.

मग क्रँकवर नखाने आडवं घासून बघा. जिथे सीलची लिप (आतली कड) घासत होती तिथे खाच पडलेली असते. नखाला जाणवण्याइतकी असेल तर नवं सील त्याच खाचेवर बसून परत गळेल. यावर दोन उपाय. मागे मोकळी जागा असेल आणि मॅन्युअल परवानगी देत असेल तर सील मिलिमीटरभर आत किंवा बाहेर बसवायचं, म्हणजे लिप ताज्या जागेवर येते. नाहीतर क्रँकवर पातळ स्टेनलेस स्टीलची दुरुस्ती-स्लीव्ह चढवायची. एसकेएफची स्पीडी-स्लीव्ह त्यासाठीच आहे. तिची भिंत ०.२८ मिलिमीटरची असल्यामुळे मूळ मापाचंच सील चालतं.

बसवताना स्प्रिंगची बाजू आत, तेलाकडे. साध्या रबरी लिपला आणि क्रँकला स्वच्छ इंजिन ऑइलचं बोट फिरवा, कोरडं सील पहिल्या सेकंदांतच जळतं. पण सील पीटीएफईचं, म्हणजे टेफ्लॉनचं असेल (सपाट रुंद लिप, बहुधा मागे स्प्रिंग नसते, बरोबर प्लॅस्टिकची बाही येते) तर अगदी उलट: तेल-ग्रीस काही नाही, पूर्ण कोरडं. ती बाही फेकू नका, तिच्यावरूनच सील सरकवायचं असतं. आणि बसवल्यावर लगेच इंजिन चालू करायचं नाही, लिपला क्रँकवर बसायला काही तास द्यायचे. पाकिटावर वेळ लिहिलेली असते.

सीलच्या बाहेरच्या कडेएवढ्या व्यासाची गोटी किंवा पाइपचा तुकडा घ्या आणि सरळ, सगळीकडून सारखं आत दाबा. एका बाजूला ठोकलं की सील तिरकं होतं, लिपची खालची बाजू जास्त दाबली जाते, वरची उघडी राहते.

लालरेंच

सील कुठल्या रबराचं घ्यावं? दुकानात एकाच मापाची दोन-तीन ठेवतात. रंग वेगळे, भाव वेगळे.

क्लचप्लेट

रंगावर जाऊ नका, प्रत्येक कंपनीचा रंग वेगळा. मटेरियल विचारा. नायट्राइल सगळ्यात साधं, साधारण १०० अंश सेल्सियसच्या आसपास सतत राहिलं की लवकर कडक होतं. पॉलिॲक्रिलेट त्याहून गरम सहन करतं, १५० च्या घरात. एफकेएम, ज्याला लोक व्हायटन म्हणतात, ते २०० पर्यंत. क्रँकच्या सीलला मूळ पार्ट ज्या मटेरियलचा आहे त्याहून हलकं घेऊ नये.

गिअरपाचवा

मधेच एक शंका. एकाने गळती थांबवणारं लिक्विड ऑइलमध्ये टाकायला सुचवलंय. काही उघडावंच लागत नाही म्हणे.

सर्व्हिसबुक

त्यात रबर मऊ करून फुगवणारी रसायनं असतात. सील नुसतं कडक झालं असेल आणि झिरपणं बारीक असेल तर काही काळ फरक पडतो. तुटलेल्या पॅकिंगला, खाच पडलेल्या क्रँकला किंवा चोंदलेल्या ब्रीदरला त्याचा उपयोग नाही. तुमच्याकडे तर कारण सापडलंय आणि कव्हर वरच आहे.

याच्या जोडीने 'सिंथेटिक टाकलं म्हणून गळायला लागलं' हेही ऐकू येतं. सुरुवातीच्या काही सिंथेटिक तेलांनी सील आकसायची. नंतर तेलात एस्टर वगैरे मिसळून ते सुधारलं. आजचं मान्यताप्राप्त सिंथेटिक धडधाकट सील खराब करत नाही. ते जास्तीत जास्त जुना गाळ धुऊन काढतं, आणि गाळाने बुजलेली फट उघडी पडते. फट आधीपासून होतीच.

गिअरपाचवा

काम झालं. अर्धगोलाच्या टोकांवर जुन्या सिलिकॉनचा मागमूस नव्हता, पानाधारी म्हणाले तसंच. पॅकिंग कव्हरच्या खाचेतून तुकड्यातुकड्यांनी निघालं. प्लग ट्यूबची सील, बोल्टचे रबरी वॉशर, पीसीव्ही आणि त्याचा पाइप सगळं नवीन. टॉर्क रेंचने १० न्यूटन-मीटर, मॅन्युअलप्रमाणे. आता झाकण उघडून कागद ठेवला की आत ओढला जातो. गाडी रोज चालतेय, परत पावडर मारून बघितलं, कव्हर आणि बेल हाउसिंग दोन्ही कोरडे.

फक्त चेंबरच्या ड्रेन नटवर एक थेंब लटकलेला दिसतो. धुण्याआधी तिथे एवढा चिखल होता की हे कळणंच शक्य नव्हतं. जरा आवळू का?

पानाधारी

मनापासून आनंद झाला. गिअरबॉक्स वाचला.

ड्रेन नट आवळू नका. तिथे तांब्याचा किंवा ॲल्युमिनियमचा वॉशर असतो. तो दबूनच सील करतो आणि एकदा दबला की पुढच्या वेळी तसाच काम करेल याची खात्री नसते. जुन्या वॉशरवर जोर लावून आवळत राहिलं की चेंबरचे आटे जातात आणि वॉशरच्या जागी चेंबर बदलायची वेळ येते. पुढच्या ऑइल चेंजला नवीन वॉशर घाला, नट मॅन्युअलच्या टॉर्कने बसवा. तोवर थेंब वाढत नाही ना एवढं बघा आणि डिपस्टिक आठवड्याला तपासत जा. नट काढाल तेव्हा आटे बोटाने चाचपा. खरखरीत किंवा चपटे लागले तर चेंबरमध्ये हेलिकॉइल (नवे आटे देणारी तारेची गुंडाळी) बसवून घेता येतं, त्यासाठी चेंबर उतरवून, किस आत जाणार नाही अशा बेताने करून घ्या.

आणि त्याच वेळी फिल्टर बदलताना जुन्या फिल्टरची रबरी रिंग इंजिनाला चिकटून राहिली नाही ना हे हात फिरवून बघा. दोन रिंगा एकावर एक आल्या तर इंजिन चालू करताच सगळं तेल खाली येतं.